चिलखत कुणाच्या अंगावर होतं?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर दरवाज्यापासून जरा आत सरकून उभे राहा, आणि मग ऐका.

आजचा विषय आहे चिलखत आणि टोप. घोडेस्वारांचे. लोखंडी कड्यांचा तो अंगरखा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण बहुतेक वेळा खोटा. गोरेगावच्या फिल्मसिटीत ऐतिहासिक मालिका शूट होतात, त्यातल्या मागच्या रांगेतल्या मावळ्यांना नीट बघा. जाड लोकरीचं विणकाम करायचं, त्यावर चंदेरी स्प्रे मारायचा, की लांबून चिलखत दिसतं. नाटका-सिनेमातली ही जुनी युक्ती आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीला भाड्याने मिळतं ते त्याहून हलकं, प्लॅस्टिकचं. त्यात वाईट काही नाही. पण त्यामुळे आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं, की मराठ्यांचा प्रत्येक घोडेस्वार लोखंडात मढलेला होता. आज मला हेच चित्र उलगडून बघायचंय. आणि शेवटी यातून आपण थेट वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर येणार आहोत, तेव्हा थांबा.

एक कडी, चार शेजारी

आधी वस्तू समजून घेऊ. मी इंजिनिअर माणूस, मला एखादी गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय तिचा इतिहास पचत नाही.

कड्यांच्या चिलखताची रचना एका ओळीत सांगता येते: प्रत्येक कडी आजूबाजूच्या चार कड्यांतून ओवलेली असते. बस्स. हा एक नियम हजारो वेळा पाळला की लोखंडाचं कापड तयार होतं. ते कापडासारखंच दुमडतं, लोंबतं, खांद्यावर बसतं.

मी मुलुंडला आमच्या गॅलरीत बसून हे करून पाहिलं. हार्डवेअरच्या दुकानातून जीआय तार आणली, सळईवर गुंडाळली, पक्कडीने कापून कड्या केल्या आणि ओवत बसलो. तळहाताएवढा तुकडा व्हायला शंभरेक कड्या लागल्या आणि एक अख्खा रविवार गेला. आता हिशोब करा. छाती, पाठ, बाह्या, मांडीपर्यंतचा घेर, असा एक अंगरखा म्हणजे साधारण एक चौरस मीटर. तळहाताएवढे शंभर तुकडे. म्हणजे दहा हजार कड्या, त्याही माझ्यासारख्या ढोबळ. कडीचा आकार निम्मा केला तर त्याच जागेत जवळपास चौपट कड्या बसतात. म्हणून चांगल्या चिलखतात वीस-तीस हजार कड्या असणं ही नेहमीची गोष्ट.

आणि माझी कडी तर कच्ची होती. तारेची दोन टोकं नुसती एकमेकांना भिडवलेली. भाल्याचं टोक आत घुसलं तर ती उघडणार. खऱ्या लढाईच्या चिलखतात कडीची दोन्ही टोकं ठोकून चपटी करतात, एकमेकांवर आणतात, त्यात भोक पाडतात आणि केसाएवढा बारीक खिळा घालून ठोकतात. म्हणजे रिव्हेट. प्रत्येक कडीला! हे काम कमी करायला एक हुशारी वापरत: एक ओळ रिव्हेटची, एक ओळ अखंड कड्यांची. अखंड कडीला जोडच नसतो, म्हणजे ठोकायचं काम निम्म्यावर येतं आणि मजबुतीही टिकते.

नंतरच्या काळात भारतात आणि इराणात पितळ, तांबं, लोखंड अशा रंगीत कड्यांची नक्षीदार चिलखतंही बनली. त्यातल्या अनेकांच्या कड्या नुसत्या भिडवलेल्या आहेत. ती दिसायला सुंदर, पण काम दरबारात मिरवण्याचं.

ही कारागिरी पूर्ण मेलेली नाही बरं का. खाटीकखान्यात हाताला घालतात तो स्टीलच्या कड्यांचा हातमोजा, किंवा बिडाचा तवा घासायला ऑनलाइन मिळते ती कड्यांची घासणी, दोन्हींत तीच चार शेजाऱ्यांची वीण आहे.

लोखंड थांबवतं, कापूस वाचवतो

चिलखत काय करतं? तलवारीचा वार कापायला येतो, तो कापू शकत नाही. पण वाराचा धक्का कुठे जातो? तो कड्यांतून थेट हाडावर येतो. कडी वाकते, कापडासारखी दबते, आणि खाली तुमची बरगडी असते. म्हणून चिलखताच्या आत कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा लागतोच. धार लोखंड अडवतं, मार कापूस झेलतो.

टोपाचंही तेच. आपल्याकडचा घोडेस्वाराचा टोप म्हणजे लोखंडी वाटी, वर टोक, कपाळावर खालीवर सरकणारी आणि स्क्रूने घट्ट होणारी नाकपट्टी, आणि मागे मानेवर कड्यांची झालर. या जातीच्या टोपाला फारसीत कुलाह खूद म्हणतात. आत गादी नसेल तर तो टोप म्हणजे डोक्यावर ठेवलेली घंटा.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. आपण जिरेटोप म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे महाराजांच्या चित्रातलं ते मोत्यांचा तुरा लावलेलं शिरोभूषण येतं. पण ‘जिरह’ म्हणजे कड्यांचं चिलखत. जिरेटोप म्हणजे मुळात कड्यांच्या झालरीचा लढाऊ टोप. शब्द राहिला, लोखंड गळालं. तसंच ‘पाखर’. घोड्याच्या किंवा हत्तीच्या अंगावर घालायचं चिलखत म्हणजे पाखर. आज आपण मायेची पाखर म्हणतो तेव्हा कुणाला घोडा आठवत नाही.

आता वजन. एका चिलखताचं आठ ते बारा किलो धरा. ज्यांनी हरिश्चंद्रगडाचा ट्रेक केलाय त्यांना हे लगेच कळेल. सॅकचा कंबरपट्टा न लावता चाललात तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. चिलखताचंही सगळं वजन खांद्यावर. कंबरेला शेला घट्ट आवळला की थोडं वजन कंबरेवर उतरतं. शेला बांधण्यामागे ऐट असेल, पण सोयही होती.

महाराजांच्या अंगात होतं, मग बारगिराच्या?

१० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अफझलखानाची भेट. ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. जेम्स ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात जी हकीकत दिलीय, तिच्यात महाराजांच्या सुती अंगरख्याखाली कड्यांचं चिलखत आहे आणि पागोट्याखाली लोखंडी टोप. आत लोखंड, वर सूत. समोरच्याला कळता कामा नये, हा सगळा मुद्दा. (हाच ग्रँट डफ साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता, आणि २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला प्रदर्शनासाठी आलेली वाघनखं त्याच्याच घराण्याकडून तिथल्या संग्रहालयात गेलेली. ती महाराजांचीच का, याचा पुरावा नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. हे प्रामाणिकपण मला आवडतं.)

पण हाच ग्रँट डफ मराठ्यांच्या साध्या घोडेस्वाराचा पोशाख सांगतो तेव्हा काय लिहितो? गुडघ्याखाली जाणारी तंग विजार, पागोटं, ज्याचा एक फेरा अनेक जण हनुवटीखालून घेत, कापूस भरून शिवलेला अंगरखा, आणि कंबरेला कापड, त्यात तलवार. झालं. लोखंड नाही.

पागोट्याचा तो हनुवटीखालचा फेरा मला फार बोलका वाटतो. दौडत्या घोड्यावर पागोटं पडू नये म्हणून. आणि कापडाचे कित्येक थर एकावर एक गुंडाळले की तलवारीचा वार बऱ्यापैकी अडतो. गरिबाचं शिरस्त्राण.

असं का? एक कारण सरळ आहे: पैसा. तीस हजार कड्या, प्रत्येकीला रिव्हेट, एका कारागिराचे महिने. सरदार घेईल, साधा स्वार कुठून घेणार?

दुसरं कारण लढण्याच्या पद्धतीत आहे. भीमथडीचं तट्टू आठवा. भीमेच्या खोऱ्यातली ही दख्खनी जात. अंगाने लहान, काटक, घाट चढणारी, मिळेल ते खाणारी. मोगल उमरावांच्या पागेत अरबी, तुर्की घोडे असत, मोठे आणि महाग. त्यांच्यावर लोखंडातला स्वार बसवता येतो, वर पाखरही घालता येते. तट्टावर दहा-बारा किलो वाढवलेत तर त्याची किंमत वेगात मोजावी लागते, आणि मराठ्यांची सगळी भिस्त वेगावर. गनिमी कावा म्हणजे शत्रूची रसद तोडा, छापा घाला, तो सावरायच्या आत निघून जा. माझ्या कामाच्या भाषेत हा ट्रेड-ऑफ आहे. वार झेलण्यापेक्षा वार बसण्याच्या जागी नसणं परवडतं.

ही पद्धत दख्खनेत गाजवणाऱ्यांत एक नाव आफ्रिकेचं आहे. मलिक अंबर. जन्म इथिओपियात, गुलाम म्हणून विकला गेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये वारला. त्याच्या फौजेत मराठे बारगीर होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. म्हणजे मराठी घोडदळाच्या इतिहासात आफ्रिका मुळापासूनच आहे.

बारगीर आणि शिलेदार

आता आजचा खरा मुद्दा. घोडेस्वार दोन प्रकारचे. बारगीर, म्हणजे ज्याचा घोडा सरकारी पागेतला. आणि शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा.

सभासदाच्या बखरीत पागेची मांडणी दिलीय: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. मला यातलं हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बारगिराला सरदाराचं चिलखत मिळालं नसेल, पण त्याच्या घोड्याची, नालेची, पाण्याची काळजी राज्याची होती. घोडा मेला तर पागेतून दुसरा.

शिलेदाराचं तसं नाही. त्याचा घोडा म्हणजे त्याची नोकरी, त्याचं भांडवल. घोडा मेला की तो बेकार. मग तो घोडा जपणार की लढाईत पुढे घालणार? स्वराज्यात शिलेदारांवरही पागेची हुकमत ठेवलेली होती. पुढच्या शतकात शिलेदारीचं प्रमाण वाढलं आणि हा पेच मोठा झाला. माणूस भित्रा नसतो, व्यवस्थेने धोका त्याच्या एकट्याच्या गळ्यात बांधलेला असतो.

बोर्नू ते ओम्दुर्मान

थोडं समुद्रापार जाऊ, कारण चिलखतातला घोडेस्वार आपल्यापेक्षाही उशिरापर्यंत आफ्रिकेत टिकला.

१८२३ साली डिक्सन डेनहॅम नावाचा इंग्रज अधिकारी सहारा ओलांडून चाडच्या सरोवराजवळ बोर्नूच्या राज्यात पोचला. त्याच्या स्वागताला हजारो घोडेस्वार उभे. शेखच्या खास पथकाच्या अंगात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंडी कड्यांची चिलखतं, काहींच्या डोक्यावर लोखंडी टोप. चिलखताला मागे चीर, म्हणजे खोगिरावर बसलं की दोन्ही बाजूंना घेर पडतो. आणि घोड्यांना? त्या पट्ट्यात कापूस नाहीतर कापशीसारखा तंतू भरून शिवलेली रंगीबेरंगी पाखर वापरत. आजही नायजेरियात कानोच्या दरबार सोहळ्यात असे सजवलेले घोडे निघतात.

मग येतो २ सप्टेंबर १८९८. सुदान, ओम्दुर्मान. एकीकडे खलिफाचं सैन्य, दुसरीकडे किचनरची ब्रिटिश-इजिप्ती फौज, तोफा आणि मॅक्सिम गन घेऊन. सुदानी सैन्यातले बहुसंख्य लोक ठिगळं लावलेल्या सुती जिब्ब्यात होते. थोड्यांकडे चिलखतं आणि नाकपट्टीचे टोप होते. एका सकाळीत सुदानचे दहा हजारांवर माणसं मेली. दुसऱ्या बाजूचे ४८. कापूस काय आणि कडी काय, गोळीपुढे फरक उरला नव्हता. उलट गोळी लागली की तुटलेल्या कड्यांचे तुकडे जखमेत जात.

आणि यातली कडू गोष्ट ऐका. तिथे सापडलेल्या काही चिलखतांच्या कड्या किल्ल्यांच्या रिंगसारख्या दुहेरी वळशाच्या आहेत. ती चिलखतं इजिप्तच्या खेदिवाच्या स्वारांसाठी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला बनलेली. तिथून फिरत सुदानात आलेली. म्हणजे चिलखत विकणारा देश तोच आणि ते निकामी करणारी बंदूक आणणाराही तोच. नंतर तीच चिलखतं विजयाची निशाणी म्हणून परत इंग्लंडच्या संग्रहालयांत गेली. ब्रिटिश म्युझियममध्ये सुदानी घोड्याची एक पाखर आहे, कापडाच्या तुकड्यांची शिवलेली. फोटोत पाहिली तर आजीच्या गोधडीची आठवण येते. कुणीतरी बसून टाका टाका घातलेला. कुणाचा तरी घोडा वाचावा म्हणून.

आता हायवेवर

आता कबूल केल्याप्रमाणे हायवे. संध्याकाळी साडेसात, अंधेरी ते बोरिवली. किंवा आमच्याकडे ईस्टर्न एक्स्प्रेस, घाटकोपर ते मुलुंड. सिग्नलला उभे असलेले दुचाकीस्वार मोजा. त्यातले निम्मे पाठीवर चौकोनी बॅग घेतलेले.

हे कोण आहेत? हे शिलेदार आहेत. शब्दशः. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, फोन स्वतःचा, टोप स्वतःचा. गाडी पडली तर दुरुस्तीला स्वतःचे पैसे, आणि दुरुस्त होईपर्यंत कमाई बंद. पखालजी आणि नालबंद कुठेच नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये रोज येणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, तुझं हेल्मेट इतकं हलकं कसं? तो म्हणाला, “दादा, पोलिसासाठी आहे ते.” आतली गादी केव्हाच निघून गेलेली. वरचं कवच तेवढं उरलेलं.

आपण मघाशी काय पाहिलं? लोखंड थांबवतं, कापूस वाचवतो. हेल्मेटमध्ये धक्का झेलतो तो आतला जाड थर्मोकोलसारखा थर. तो दबतो, चिरडतो आणि डोक्यापर्यंत पोचणारा मार कमी करतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं असतं. आणि हनुवटीचा पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत उडून जातं. साध्या मराठा स्वाराला हे माहीत होतं, तो पागोट्याचा फेरा हनुवटीखालून घेत होता! जून २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. आयएसआय मार्क बघा, पट्टा लावा. हे मी पोलिसांच्या वतीने सांगत नाहीये, तीनशे वर्षांच्या अनुभवाच्या वतीने सांगतोय.

पण पट्टा लावणं एवढंच उत्तर नाही. दहा मिनिटांत दूध हवं म्हणून आपण ऑर्डर टाकतो, तेव्हा त्या वेगाचा धोका कुणीतरी अंगावर घेत असतो. सभासदाच्या काळातल्या राज्याला कळत होतं की पंचवीस स्वारांमागे एक नालबंद लागतो. आजच्या कुठल्याही अ‍ॅपच्या मांडणीत नालबंदाची जागा कुठे आहे, हा प्रश्न मी आणि माझ्यासारखे, जे असे अ‍ॅप लिहितात, त्यांनी तरी विचारायला हवा.

बघायला जाल तेव्हा

शेवटी थोडं कामाचं. खरं चिलखत बघायचं असेल तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. शस्त्रांच्या दालनात अकबराचं चिलखत आणि ढाल आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, कोल्हापुरात न्यू पॅलेस आहे.

काचेसमोर उभे राहिलात की तीन गोष्टी बघा. एक, कड्यांना रिव्हेटचा बारीक उंचवटा आहे की टोकं नुसती भिडवलीत. दोन, मागे किंवा पुढे खोगिरासाठी चीर आहे का. असेल तर हा घोड्यावरचा माणूस. तीन, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या जाडीच्या कड्या कुठे दिसतात. तिथे ते तुटलं होतं आणि कुणीतरी दुरुस्त केलंय. नेमकी ती जागा बघत राहा. वार तिथे बसला असू शकतो.

आणि कुणाच्या गावच्या वाड्यात माळ्यावर असं काही पडलेलं असेल, तर कृपा करून चिंच लावून घासू नका, पॉलिश करू नका, भंगारात किंवा ऑनलाइन विकू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते, १९७२ चा कायदा आहे, आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कोरड्या जागी सुती कापडात ठेवा, फोटो काढा, कुणाची, कुठून आली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा, आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. वस्तू गंजली तरी थोडी उरते. तिची गोष्ट गेली की मग फक्त लोखंड राहतं.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर जो मित्र हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवतो, त्याला पहिल्यांदा पाठवा. पुढच्या भागात भेटू. सांभाळून जा.